एलानगरीचा वैद्यराज : गार्सिया द ऑर्ता

देवस्थानच्या स्मरणिकेत एका परदेशीय व परधर्मीय वैद्याचे चरित्र पाहून काही महाजनबंधूंना आश्चर्य वाटणे साहजिक आहे. ज्या पानांवर देवीच्या उत्सवांचे वर्णन, जीर्णोद्धाराची हकीकत आणि पूर्वजांच्या सेवेचे स्मरण यावयाचे, तेथे या फिरंग्याचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु श्री लईराई देवीच्या छत्राखाली नांदणारा हा आपला डिचोली महाल ज्या काळी आदिलशाहीत होता, त्या काळी नदीपलीकडच्या बेटावर काय घडत होते, हे जाणल्यावाचून आपल्या कित्येक देवस्थानांचा इतिहास उलगडत नाही. तिसवाडी, बारदेश व साष्टी या जुन्या काबिजादींतून देव आणि माणसे नद्या ओलांडून अलीकडे आली. दिवाडी बेटावरील श्री सप्तकोटेश्वर याच महालात नार्वे येथे आला व पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याचे देवालय बांधविण्याची आज्ञा दिली, हे सर्वश्रुतच आहे. ज्या सत्तेने आपले देव हलवायला लावले, त्याच सत्तेने आपल्याच एका थोर वैद्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली आणि त्यांची राख मांडवीत टाकली. त्या वैद्याचे नाव गार्सिया द ऑर्ता.

प्रथम त्याच्या नगरीविषयी थोडे सांगितले पाहिजे. तिसवाडी हे खरोखरीचे बेट आहे. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी, पूर्वेस या दोहोंना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी आणि पश्चिमेस समुद्र. कदंबांची राजधानी गोपकपट्टण ही या बेटाच्या दक्षिण अंगास जुवारीच्या काठी होती व तेथील राजांची गलबते दूरदूरच्या बंदरांशी व्यापार करीत. ते बंदर मागे पडल्यावर उत्तरेकडे मांडवीच्या तीरावर एला हे शहर भरभराटीस आले. बहामनी व त्यामागून आदिलशाही अमलात तेथे अरबस्तान व होर्मुझकडून घोड्यांची तारवे येत आणि ते घोडे घाटावरच्या राजांना विकले जात. मांडवी या शब्दाचा अर्थच मुळी जकातीचे ठाणे असा आहे. १५१० मध्ये आफोंस द आल्बुकेर्क याने हे शहर आदिलशहाकडून जिंकले. पण घोड्यांचा व्यापार मात्र त्याने मोडला नाही, उलट घोड्यांची तारवे अन्यत्र न जाता गोव्यासच लागावीत असा बंदोबस्त पोर्तुगीजांनी केला.

त्या शहराच्या मुख्य रस्त्यास रुआ दिरैत म्हणजे सरळ रस्ता असे नाव होते. तेथे रोज सकाळी लिलाव भरे. चीनचे रेशीम, पेगूची माणके, होर्मुझचे मोती, मलबारची मिरी, मलाक्क्याकडून आलेली लवंग व जायफळ, अरबी घोडे आणि, सांगावयास वाईट वाटते, आफ्रिकेतून धरून आणलेली माणसेही एकाच रस्त्यावर विकली जात. गुजराती वाणी, आपल्याकडील सारस्वत दलाल, अरब, इराणी, आर्मेनियन, ज्यू, मलबारी अशी सर्व प्रकारची माणसे तेथे भेटत. बेटावर येण्याजाण्याच्या जागा मोजक्या. बाणस्तारी, दावजी, आगशी अशा ठिकाणी पहारे असत व तेथूनच मालाची आणि माणसांची ये-जा चाले. आज त्या जागी देवळाएवढ्या उंच चर्चांखेरीज आणि माडांच्या बागांखेरीज फारसे काही उरलेले नाही. पण ऑर्ता जेव्हा तेथे उतरला तेव्हा ही नगरी पूर्वेकडील सर्वांत गजबजलेल्या बाजारपेठांपैकी एक होती.

गार्सियाचा जन्म १५०० च्या सुमारास पोर्तुगालच्या स्पेनलगतच्या सरहद्दीवरील काश्तेल द व्हीद या डोंगरी गावात झाला. त्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाने ज्यूंना देशाबाहेर घालविले, तेव्हा ते सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आले. आणि पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने तेथील सर्व ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा लोकांना नवे ख्रिस्ती म्हणत. नावापुढे नवे हा शब्द लागला की तो पिढ्यान् पिढ्या सुटत नसे. मुलगा बाप्तिस्मा घेतलेला असला तरी त्याच्या घरी शनिवारी दिवा लागतो काय, चूल पेटते काय, डुकराचे मांस खाल्ले जाते काय, यावर शेजाऱ्यांची नजर असे. गार्सिया अशा घरात वाढला. सालामांका व आल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत त्याने वैद्यकाचा अभ्यास केला, काही वर्षे आपल्या गावी वैद्यकी केली आणि मग लिस्बनला जाऊन तेथील विद्यापीठात तो अध्यापक झाला. राजाच्या वैद्यांतही त्याची गणना होई.

इतके असूनही त्याने देश सोडला. नव्या ख्रिस्त्यांनी परवानगीवाचून पोर्तुगाल सोडू नये असा कायदा १५३२ मध्ये झाला होता व इंक्विझिशनचे न्यायासन लिस्बनमध्ये स्थापन होणार अशी चिन्हे स्पष्ट दिसत होती. ते १५३६ मध्ये स्थापन झालेच. तत्पूर्वी, १५३४ च्या मार्चमध्ये, मार्तीं आफोंस द सौज हा आरमाराचा सेनापती म्हणून हिंदुस्थानास निघाला, त्याचा खाजगी वैद्य या नात्याने गार्सिया जहाजावर चढला आणि सप्टेंबरात गोव्यास पोहोचला. परत तो पोर्तुगालास कधीच गेला नाही. पुढील चौतीस वर्षे त्याची कर्मभूमी व मरणभूमी आपलीच भूमी झाली.

पहिली काही वर्षे तो आपल्या धन्याबरोबर मोहिमांवर फिरला. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांस दिली तेव्हा व दीवला किल्ला झाला तेव्हा तो त्या बाजूस होता. हिंडताना त्याचे डोळे उघडे असत. मुंबईनजीकची घारापुरीची लेणी त्याने पाहिली व पुढे त्यांचे वर्णन लिहून ठेवले. १५३८ मध्ये धनी पोर्तुगालास परतला, परंतु गार्सिया मात्र एलेतच राहिला. त्याच्या औषधोपचारांची कीर्ती लवकरच राजदरबारांपर्यंत गेली. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याला वारंवार बोलावून घेई. निजामशहाच्या पदरी अरब व इराणी हकीम होते. त्यांच्याशी गार्सियाचे वादविवाद चालत आणि त्या वादांतून त्याने पुष्कळ ज्ञान मिळविले. निजामशहाने मोठी रक्कम देऊ करून त्याला ठेवून घेण्याचा प्रयत्न केला, पण तो तेथे कायमचा राहिला नाही. वैद्यकीबरोबर तो व्यापारही करी. रत्ने, औषधी, मसाले यांची त्याला उत्तम पारख होती. एलेतील बहुतेक प्रतिष्ठितांप्रमाणे त्याचेही हात व्यापारात होते, आणि घरात गुलामही होते. चरित्रकाराने हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

१५४१ च्या सुमारास नात्यातील ब्रियांद द सोलिश या मुलीशी त्याचा विवाह झाला व त्याला दोन मुली झाल्या. तिकडे लिस्बनमध्ये त्याच्या बहिणी इंक्विझिशनच्या तडाख्यात सापडल्या. त्यातून सुटका होताच त्यांनी व वृद्ध आईने १५४९ च्या सुमारास गोव्याचा रस्ता धरला. असे एकेक करून सारे कुटुंब या बेटावर गोळा झाले. पुढे व्हिजरईने त्याला एक बेट दीर्घ मुदतीच्या खंडाने दिले. सालाचा खंड सुमारे १४३२ परदाव. ते बेट म्हणजे मुंबई. आज ज्या शहरात आपल्या प्रत्येक महाजन घराण्यातील कोणी ना कोणी नोकरीधंद्यानिमित्त जाऊन राहिलेला आहे, ते शहर एके काळी एलेतील एका वैद्याची वाडी होती, हे वाचून मौज वाटेल. तेथे त्याने घर बांधले, बाग केली. त्या बागेतील एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ येई, एकदा नाताळच्या सुमारास व एकदा मे महिन्याच्या अखेरीस. पुढे इंग्रजांनी आपला किल्ला जेथे उभारला, तेथेच त्याचे ते घर होते असे सांगतात.

परंतु त्याचा खरा ठेवा म्हणजे त्याचा ग्रंथ. छापखाना गोव्यात १५५६ मध्ये आला. त्यानंतर सातच वर्षांनी, १० एप्रिल १५६३ रोजी, एलेत जुआंव द एन्देम याच्या छापखान्यात हिंदुस्थानातील वनौषधी व औषधी द्रव्ये यांविषयीचे संवाद या अर्थाच्या नावाचा हा ग्रंथ छापून पुरा झाला. छपाई इतकी अशुद्ध झाली की चुकांचे शुद्धिपत्रच वीस पानांचे भरले. ग्रंथाच्या आरंभी लुईश द कामोंइश या त्या वेळी अप्रसिद्ध असलेल्या कवीचे एक कवन आहे. पोर्तुगीज भाषेचा महाकवी म्हणून पुढे मान्यता पावलेल्या या पुरुषाची छापलेली पहिली कविता ती हीच. म्हणजे पोर्तुगीज साहित्याच्या इतिहासातील एक मोठी घटना लिस्बनमध्ये न घडता आपल्या मांडवीच्या तीरी घडली. विद्वानांचे सर्व लेखन लॅटिनमध्ये होत असता ऑर्ताने ते पोर्तुगीजमध्ये लिहिले, कारण व्यापारी, खलाशी व सामान्य माणसे यांनाही ते वाचता यावे अशी त्याची इच्छा होती.

ग्रंथाची मांडणी संवादाची आहे. नुकताच स्पेनहून आलेला रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य प्रश्न विचारतो व ऑर्ता उत्तरे देतो. रुआनो ग्रीक व रोमन आचार्यांची वचने पुढे करतो. ऑर्ता आपल्या अनुभवाचे दाखले देतो. खरे पाहता रुआनो म्हणजे तरुणपणीचा, सालामांकाच्या पोथ्यांत वाढलेला ऑर्ताच होय. गॅलेन व डायोस्कोरिडीझ यांच्याविरुद्ध बोलण्याची स्पेनमध्ये असताना आपली छाती झाली नसती, असे त्याने मोकळेपणी म्हटले आहे. मधूनच आंतोनिया ही घरातली दासी येऊन एखादी डहाळी किंवा फळ समोर ठेवते, कोणी रोगी येऊन जातो, जेवणाची वेळ होते. मालुपा नावाचा एक हिंदू पंडित वैद्यही त्यात आपले मत सांगावयास येतो. ज्या शहरात हिंदूंच्या उच्छेदाचे हुकूम निघत होते, त्याच शहरात छापलेल्या ग्रंथात हिंदू वैद्याला अधिकारी म्हणून बोलावयास लावणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ऑर्तानंतर वीस वर्षांनी एलेत राहिलेल्या लिन्श्कोतेन या डच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की व्हिजरई व धर्मगुरू हेदेखील औषधाकरिता हिंदू वैद्यांनाच बोलावीत आणि या वैद्यांना छत्री धरून फिरण्याचा मान होता.

ग्रंथातील वनस्पतींची नावे वाचताना आपण एखाद्या परक्याचे पुस्तक वाचीत आहोत असे वाटत नाही. आंबा, फणस, जांभूळ, करमल, नारळ, सुपारी, विड्याचे पान, हळद, आले, वेलची, धोतरा, भांग अशी सारी आपल्या परसातली मंडळी तेथे भेटतात. प्रत्येकाचे नाव अरबी, गुजराती, मलबारी, दख्खनी अशा जितक्या भाषांत त्याला मिळाले तितक्यांत त्याने नोंदविले आहे. आपले भिरंड तर त्याच्या पानांवर जवळजवळ आपल्याच उच्चाराने अवतरते. फळ आत तांबडे व अतिशय आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगाचे, आणि त्याच्या सालींपासून शिर्का करतात, असे तो सांगतो. माडाच्या प्रकरणात सूर, गूळ, खोबरे, तेल, काथ्या यांतले काहीही सुटलेले नाही. भांगेविषयी तो सुलतान बहादूरशहाची एक गंमत सांगतो. रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान वा इराण पाहण्याची इच्छा झाली की थोडी भांग घेतली म्हणजे पुरे, असे सुलतान ऑर्ताच्या धन्यास म्हणाला होता.

प्राजक्तावर त्याने एक स्वतंत्र संवादच लिहिला. रात्री फुलणारा व पहाटे फुले गाळणारा म्हणून पोर्तुगीज त्याला दुःखी वृक्ष म्हणत. त्याच्या देठांनी अन्नाला केशराप्रमाणे रंग येतो हे त्याने टिपले आणि लोकांच्या तोंडून ऐकलेली कथाही दिली. पारिजातक नावाच्या एका मोठ्या सरदाराची कन्या सूर्यावर अनुरक्त झाली. सूर्याने तिचा त्याग केल्यावर तिने देह टाकला. तिला जाळले त्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. आपल्या आजीच्या तोंडून ही कथा ज्यांनी ऐकली असेल त्यांना ती चारशे साठ वर्षांपूर्वीच्या छापील पोर्तुगीज पानावर पाहून काय वाटेल, ते त्यांचे त्यांनीच ठरवावे.

वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याचे नाव विशेषेकरून मोडशीच्या वर्णनामुळे घेतले जाते. पटकी वा कॉलरा या रोगाचे आशिया खंडातले युरोपीय वैद्याने डोळ्यांनी पाहून लिहिलेले पहिले तपशीलवार वर्णन त्याचे होय. रोग्याची नाडी कशी बुडते, अंग कसे गार पडते, डोळे कसे खोल जातात, पायांत गोळे कसे येतात, तहान कशी लागते, हे सारे त्यात आहे. आपल्याकडे या रोगाला मोडशी म्हणत व त्यावरून पोर्तुगीजांनी आपला शब्द बनविला. आपले वैद्य रोग्याला जिरे व मिरी घातलेली भाताची पेज पाजीत आणि पायांना डाग देत, हेही त्याने नोंदविले आहे. डागाचे असो, पण पाणी गमावलेल्या देहाला पेज देण्यात किती शहाणपण होते हे आधुनिक वैद्यकाने पुढे पुष्कळ उशिरा मान्य केले.

आता एका अवघड गोष्टीकडे वळले पाहिजे. ऑर्ताने एलेत कायमचे घर केले त्यानंतर दोनच वर्षांनी, १५४० पासून, तिसवाडीतील देवालये पाडण्यास आरंभ झाला. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ मध्ये काढून घेण्यात आले व ते ख्रिस्ती धर्मकार्याकडे, मुख्यतः सेंट पॉलच्या विद्यालयाकडे, वळविण्यात आले. १५४२ मध्ये जो गव्हर्नर होऊन आला तो ऑर्ताचा जुना धनी मार्तीं आफोंस द सौज हाच. बेटावरच्या प्रत्येक झाडाची चौकशी करणाऱ्या, दुधाच्या चिकाचाही रंग लिहून ठेवणाऱ्या या माणसाच्या दृष्टीस देवळांचे पडके चौथरे पडले नसतील हे संभवत नाही. तरी त्याच्या ग्रंथात त्याविरुद्ध एक अक्षर नाही. काही वाचक यासाठी त्याला दोष देतील. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. ज्याच्या स्वतःच्या घरात दार लावून जुना धर्म पाळला जात होता, आई व बहिणी आगीच्या तोंडातून सुटून आल्या होत्या, त्याला तोंड उघडणे शक्य नव्हते. आपल्या पूर्वजांपुढे निदान नदी होती. रात्रीच्या काळोखात देव होडीत घालून पैलतीरी नेता येई. साष्टीतून श्री मंगेश व श्री शांतादुर्गा यांचे स्थलांतर ऑर्ताच्या हयातीतच झाले. पण ज्याचा देव मूर्तीत नव्हता, त्याला तो मनाखेरीज कोठेही नेऊन ठेवता येत नव्हता, आणि पैलतीरी जाऊनही तो परकाच ठरला असता.

१५६० मध्ये इंक्विझिशनचे न्यायासन गोव्यातच स्थापन झाले. ज्याच्या भीतीने कुटुंबाने अर्धे जग ओलांडले ते दाराशी येऊन उभे राहिले. ऑर्ता तेव्हा साठीचा होता. व्हिजरई व मोठमोठे अधिकारी त्याचे रोगी व स्नेही. त्यांच्या छायेमुळे म्हणा किंवा त्याच्या कीर्तीमुळे म्हणा, त्याच्या हयातीत त्याला कोणी हात लावला नाही. तो १५६८ मध्ये मरण पावला. त्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला पकडण्यात आले. तिच्या व इतर आप्तांच्या जबान्यांतून, छळाखाली मिळविलेल्या, गार्सियाही आयुष्यभर अंतःकरणाने ज्यूच राहिला होता असे इंक्विझिशनने ठरविले. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारीनाला एलेत जिवंत जाळण्यात आले. भावावरील खटला त्याच्या मृत्यूनंतर चालला. ४ डिसेंबर १५८० रोजी त्याची हाडे थडग्यातून काढून जाहीर समारंभाने जाळण्यात आली व राख मांडवीत सोडण्यात आली. ज्या बायका व मुले त्याच्या औषधाने बरी झाली होती त्यांतील काही तो समारंभ पाहणाऱ्या गर्दीत असतील.

माणूस जाळला तरी ग्रंथ मात्र तोवर हाताबाहेर गेला होता. १५६७ मध्ये, म्हणजे ऑर्ता जिवंत असतानाच, क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने अँटवर्प येथे त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. युरोपातील विद्वानांना आपल्या झाडपाल्याची ओळख त्या पुस्तकाने झाली. एकोणिसाव्या शतकात काँद द फिकाल्यु याने ऑर्ताचे चरित्र लिहिले आणि मूळ ग्रंथ टीपांसह पुन्हा छापला. १९१३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. पण या विद्वानांना १५८० ची हकीकत ठाऊक नव्हती. लिस्बनच्या दफ्तरखान्यातील इंक्विझिशनच्या कागदांतून ती १९३४ मध्ये सिल्व्ह कार्व्हाल्यु या वैद्यकाच्या इतिहासकाराने बाहेर आणली. तोवर साडेतीन शतके पोर्तुगाल त्याचा गौरव निर्वेधपणे करीत होता, आणि ती हकीकत कळल्यावरही गौरव चालूच राहिला. पणजीत चर्चसमोरील सार्वजनिक उद्यानाला त्याचे नाव देण्यात आले होते, पोर्तुगालच्या वीस एस्कुदांच्या नोटेवर त्याचे चित्र छापले गेले आणि लिस्बननजीक आल्मादा येथे एका मोठ्या इस्पितळास त्याचे नाव आहे. कातारीनाच्या नावाने मात्र कोठे काही असल्याचे ऐकिवात नाही.

एलानगरीलाही फार काळ गेला नाही. साथीच्या रोगांनी, त्यांत मोडशी होतीच, ती ओस पडत गेली. १७५९ मध्ये व्हिजरईंनी आपले निवासस्थान पणजीस हलविले व १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी ठरली. घरांचे चिरे लोकांनी काढून नेले. इंक्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले व त्याचा वाडाही पुढे पाडण्यात आला. जेथे रोज सकाळी लिलाव भरे त्या रस्त्याच्या कडेला आता माड, फणस, आंबे आणि भिरंडे उभी आहेत.